प्रोग्राम पुण्यात, खिडकी इंदूरला

सुट्टीत किंवा घरच्या कामासाठी मुलं इंदूरला परत आली की या सदरात एकाच तऱ्हेचे प्रश्न यायला लागतात, यावेळी तर लागोपाठ आले म्हणून आख्खं सदर त्यालाच देतेय. काम चालतं तो कंप्युटर कुठेतरी लांब, माणूस इथे लॅपटॉप उघडून बसलेला, आणि त्याला तिकडच्या प्रोग्रामची खिडकी इकडे हवीये. एसएसएच हा शब्द सारखा येईल, लांबच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करून तिथे कमांड चालवायची ती सोय. कमांड मी अक्षरांनी सांगितल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

ताई नमस्कार. मी पुण्यात फिजिक्समध्ये पीएचडी करते, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून दोन महिने इथे लोकमान्य नगरात आहे. डिपार्टमेंटच्या लिनक्स मशीनवर एसएसएचने लॉगिन होतं, फाइली दिसतात, पण पायथनमधून ग्राफ काढायला गेलं की कॅनॉट ओपन डिस्प्ले असा एरर येतो. कुठेतरी वाचून बॅशआरसी फाइलमध्ये (लॉगिन होताना आपोआप वाचली जाते ती) डिस्प्ले = कोलन शून्य अशी ओळ टाकली, मग तिथे माझ्या लॅपटॉपचा आयपी टाकून पाहिला, काही उपयोग नाही. लॅपटॉप विंडोजचा आहे. सर्व्हर तिकडे आहे ना, मग तो दाखवत का नाही?

अगं, तुझ्या शेवटच्या वाक्यातच सगळी गाठ आहे. लिनक्सवर खिडक्या दाखवायचं काम जी एक्स विंडो सिस्टीम करते तिच्यात सर्व्हर तुझ्याकडे असतो, पुण्यात नाही. ऐकायला उलटं वाटतं, मलाही पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी दोनदा विचारलं होतं, पण जरा थांबून बघ, सर्व्हर म्हणजे जो सेवा देतो तो, आणि इथे सेवा कसली तर स्क्रीन, कीबोर्ड आणि माउसची. ते तिन्ही ज्याच्या टेबलावर तो सर्व्हर. पुण्यातला तुझा पायथन हा पाहुणा आहे, तो येऊन म्हणतो की बाई, मला एवढ्या रुंदीची खिडकी उघडून दे, इथे रेघ ओढ, तिथे अक्षरं लिही, कुणी बटण दाबलं तर मला कळव. बैठक तुझी, पाहुणा लांबचा. आणि तुझ्या विंडोज लॅपटॉपवर ही बैठक मांडलेलीच नाही, म्हणून पाहुणा दाराबाहेर उभा आहे.

हे असं का केलं त्यालाही कारण आहे. एक्सची सुरुवात १९८४ साली अमेरिकेत एमआयटीत झाली, बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस ही त्यातली मुख्य नावं. तिथे प्रोजेक्ट अथेना नावाचं मोठं काम चालू होतं, वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं कॅम्पसभर पसरलेली आणि विद्यार्थ्याने कुठल्याही मशीनपुढे बसून कुठल्याही मशीनवरचा प्रोग्राम वापरावा ही इच्छा, म्हणून दाखवणारा आणि चालणारा हे पहिल्यापासूनच वेगळे ठेवले. सप्टेंबर १९८७ मध्ये अकरावी आवृत्ती आली आणि आजही आपण जिला एक्स इलेव्हन म्हणतो ती तीच. मला हे फार सुंदर काम वाटतं, इतक्या वर्षांनंतर तू लोकमान्य नगरात बसून पुण्याची खिडकी उघडू शकतेस ते त्या एका निर्णयामुळे.

आता तुझं काम. सगळ्यात आधी बॅशआरसीमधली ती डिस्प्लेची ओळ काढून टाक, दोन्ही काढ. ती राहिली तर पुढचं सगळं बरोबर करूनही काही चालणार नाही, कारण खिडकी कुठे दाखवायची तो पत्ता डिस्प्लेमध्ये असतो, आणि एसएसएच तिथे जो बरोबर पत्ता भरतं त्याच्यावर तुझी ओळ बोळा फिरवते. कोलन शून्य म्हणजे त्याच मशीनची स्वतःची पहिली स्क्रीन, म्हणजे जमलंच असतं तर तुझा ग्राफ पुण्याच्या लॅबमधल्या मॉनिटरवर उघडला असता आणि तुला इथे कळलंही नसतं. आणि लॅपटॉपचा घरचा आयपी पुण्याहून पोचण्यासारखा नसतोच, तो घरच्या राउटरच्या आतला असतो.

मग लॅपटॉपवर एक्स सर्व्हर बसव. नवख्यांना मी मोबाएक्सटर्म सांगते कारण त्यात सर्व्हर आणि एसएसएच दोन्ही एकत्र येतं, उघडलं की सर्व्हर आपोआप चालू होतो. पुटी हा एसएसएचचा विंडोज प्रोग्राम वापरायची सवय असेल तर सोबत व्हीसीएक्ससर्व्ह हा एक्स सर्व्हर घे आणि पुटीच्या सेटिंगमध्ये कनेक्शन, मग एसएसएच, मग एक्स इलेव्हन इथे जाऊन फॉरवर्डिंगची, म्हणजे तिकडची खिडकी इकडे पाठवायची, टिक लाव, ही टिक राहून जाते आणि लोक दोन दोन दिवस डोकं धरून बसतात. लिनक्सच्या लॅपटॉपवर असतीस तर एवढंच, एसएसएच, जागा, वजाचं चिन्ह आणि कॅपिटल एक्स, मग नेहमीसारखं तुझं नाव आणि मशीनचं नाव.

लॉगिन झाल्यावर डिस्प्लेमध्ये काय आहे ते इको कमांडने छापून बघ. लोकलहोस्ट कोलन १०.० असं काही आलं तर रस्ता तयार आहे. हा आकडा १० का, तर एसएसएच तिकडच्या मशीनवर एक खोटी स्क्रीन उभी करतं आणि खऱ्या स्क्रीनच्या नंबरशी टक्कर नको म्हणून मोजणी १० पासून धरतं, एक्सची पोर्टं, म्हणजे मशीनची नंबर घातलेली दारं, ६००० पासून सुरू होतात म्हणून तिचं पोर्ट ६०१०. प्रोग्राम त्या खोट्या स्क्रीनशी बोलतो आणि ते बोलणं एसएसएचच्या बंद बोगद्यातून तुझ्या घरी येतं. मग एक्सआइज चालवून बघ, दोन डोळे उघडून माउसच्या मागे फिरायला लागले की समज झालं.

डिस्प्ले रिकामा आला तर खोट पुण्याच्या बाजूला आहे. तिथल्या एसएसएचडी कॉन्फिग फाइलमध्ये एक्स इलेव्हन फॉरवर्डिंग यस लागतं, मूळ ओपनएसएसएचमध्ये ते बंदच असतं, उबुंटू आणि डेबियन मात्र आपल्या फाइलमध्ये चालू करून देतात. आणि तिथे एक्सऑथ नावाचा, आत यायची परवानगी सांभाळणारा छोटा प्रोग्रामही बसवलेला हवा, ज्या मशीनला मॉनिटरच नाही तिथे बरेचदा तो नसतो. हे दोन्ही तुला स्वतःला करता येणार नाही, अ‍ॅडमिनला लिही, पण लिहिताना चालत नाही एवढंच लिहू नकोस, या दोन गोष्टी बघा असं नावानिशी लिही, लवकर होईल.

एक विचारू का? ग्राफ नुसता बघायचाच असेल, माउसने फिरवायचा नसेल, तर खिडकी हवीच कशाला. पायथनमध्ये ग्राफ काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबला सेव्हफिग सांग, चित्राची फाइल होते, ती इकडे उतरवून घे, घरचं नेट कसंही असलं तरी चालतं. आईंना लवकर बरं वाटू दे.

ताई, माझ्याकडे मॅकबुक आहे, एक्सक्वार्ट्झ हा मॅकचा एक्स सर्व्हर टाकलाय, सगळं चालतं. पण सकाळी लॉगिन केलं, खिडकी उघडली, मग पोहे खाऊन आलो की जुनी खिडकी तशीच असते आणि नवीन उघडत नाही. परत लॉगिन केलं की परत चालतं. नेट खराब आहे का? — तिलक नगर

नेट खराब नाही. वीस मिनिटांचा हिशोब आहे. कॅपिटल एक्सने आत शिरलं की एसएसएच त्या पाहुण्यांना अविश्वासू धरतं, त्यांना कमी मोकळीक देतं आणि २० मिनिटं झाली की नव्या पाहुण्याला दार उघडत नाही. आधीच आत बसलेला बसून राहतो म्हणून तुमची जुनी खिडकी टिकते. कॅपिटल एक्सच्या जागी कॅपिटल वाय दिलं की पाहुणा विश्वासाचा ठरतो आणि ही मुदत लागत नाही. डेबियन आणि उबुंटूवाले हे वाचून म्हणतील की आमच्याकडे तर असं कधी होत नाही, बरोबर आहे, त्यांच्या एसएसएचमध्ये कॅपिटल एक्स दिलं तरी ते विश्वासाचंच धरलं जातं.

पण वाय देण्याआधी स्वतःला विचारा, ते मशीन कोणाचं आहे. विश्वासू पाहुण्याला तुमच्या बैठकीतलं सगळं दिसतं, दुसऱ्या एक्स खिडकीत तुम्ही काय टाइप करताय तेसुद्धा. तुमच्या स्वतःच्या लॅबचं मशीन असेल तर खुशाल वाय वापरा, कुणा अनोळखी ठिकाणी खातं मिळालं असेल तर नका. मुदतच फक्त वाढवायची असेल तर तुमच्या मॅकवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये फॉरवर्ड एक्स इलेव्हन टाइमआउट अशी ओळ घालता येते.

नमस्कार, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका सिनियरने सांगितलं की एक्सहोस्ट प्लस ही कमांड मारून टाक, सगळे एरर बंद होतात. खरंच झाले. पण दुसरा एक जण म्हणाला की असं करू नये. का करू नये हे कोणीच नीट सांगत नाही.

मी सांगते, आणि जरा लांबलचक सांगते कारण ही गोष्ट मला मनापासून लागते.

मी एका कॉलेजच्या लॅबचं काम बघायचे तेव्हा तिथे सगळ्या मशीनवर लॉगिन होताच एक्सहोस्ट प्लस आपोआप चालायचं, आधीच्या कुणीतरी सोयीसाठी लिहून ठेवलेलं आणि मी ते आहे तसंच चालू ठेवलं. एके दिवशी एक मुलगी रडत आली, तिच्या स्क्रीनवर मध्येच खिडक्या उघडत होत्या, त्यात तिच्याबद्दल घाणेरडं लिहिलेलं. समोरच्या रांगेतला मुलगा त्याच्या मशीनवरून प्रोग्राम चालवत होता आणि डिस्प्लेमध्ये तिच्या मशीनचं नाव देत होता, झालं. त्याला काही फोडावं लागलं नव्हतं, दार आम्हीच सताड उघडं ठेवलं होतं. आणि नंतर नीट विचार केल्यावर माझ्या अंगावर काटा आला कारण खिडकी उघडणं ही त्यातली सगळ्यात साधी गोष्ट आहे, ज्याला तुमच्या एक्स सर्व्हरशी बोलता येतं तो तुमच्या स्क्रीनचा फोटो घेऊ शकतो, तुम्ही दाबलेली प्रत्येक की वाचू शकतो, म्हणजे पासवर्डही. त्याच दिवशी मी ती ओळ सगळ्या मशीनवरून काढली आणि त्या मुलीची माफी मागितली.

एक्सहोस्ट प्लसचा अर्थच तो, कुठूनही कोणीही या. हल्ली बहुतेक लिनक्सवर एक्स सर्व्हर नेटवर्कवर कान देऊन बसत नाही, त्यामुळे बाहेरून येणं अवघड झालंय, पण विंडोजवरचे काही एक्स सर्व्हर अजून ऐकतात आणि व्हीसीएक्ससर्व्ह सुरू करताना डिसेबल अ‍ॅक्सेस कंट्रोल अशी जी टिक विचारतात ती म्हणजे हेच एक्सहोस्ट प्लस. ती लावू नका, एसएसएचच्या बोगद्यातून येत असाल तर तिची गरजच पडत नाही.

बरोबर पद्धत काय आहे तीही ऐक. सर्व्हर एक गुप्त कुकी तयार करतो, खरंच तिचं नाव मॅजिक कुकी आहे, ती तुझ्या होम फोल्डरमधल्या एक्सऑथॉरिटी फाइलमध्ये असते आणि जो प्रोग्राम ती दाखवेल त्यालाच आत घेतलं जातं. एसएसएच फॉरवर्डिंग करतं तेव्हा तर तिकडच्या मशीनला खरी कुकी देतही नाही, एक खोटी बनवून देतं आणि तुझ्या लॅपटॉपवर परत आल्यावर ती खरीशी बदलतं. एवढी काळजी कुणीतरी घेऊन ठेवली असताना एका कमांडने ती फेकून द्यायची नाही. सिनियरला राग येऊ न देता सांग, पण सांग.

ताई, मी सुदामा नगरात राहतो, जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीच्या मशीनवर काम करायला मिळालंय. एसएसएच वजा एक्सने खिडकी उघडते पण मेनूवर क्लिक केलं की चहा करून यावा इतका वेळ. आमचं फायबर १०० एमबीपीएसचं आहे, २०० चं घेतलं तर फरक पडेल का?

पैसे वाचवा, अजिबात पडणार नाही. तुमची अडचण पाइपाच्या रुंदीची नाहीये, अंतराची आहे. एक्स ही फार बोलकी पद्धत आहे, प्रोग्राम विचारतो, सर्व्हर उत्तर देतो, मग प्रोग्राम पुढचं विचारतो. एकाच खोलीत किंवा एकाच कॅम्पसवर हे कळतही नाही. पण इंदूरहून फ्रँकफर्ट सरळ रेषेत धरलं तरी ६००० किलोमीटरच्या वर आहे, काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ६० मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, ती मुंबईपर्यंत जाते, समुद्रातून वळसे घेते, मध्ये किती यंत्रं. समजा तुमचा पिंग, म्हणजे जाऊन यायचा वेळ, १५० मिलिसेकंद आला आणि प्रोग्रामने सुरू होताना एकामागून एक ३०० प्रश्न विचारले, तर ४५ सेकंद फक्त वाट बघण्यात गेले. नेट २०० चं घ्या की हजारचं, प्रकाश काही जोरात पळणार नाही. वजा कॅपिटल सी देऊन कॉम्प्रेशन करा असंही लोक सुचवतात, अंतरावर त्याचाही इलाज नाही.

उपाय असा की हे सगळं बोलणं तिकडच्या तिकडे उरकायचं आणि इकडे फक्त त्याचं फळ आणायचं. त्याला तीन रस्ते आहेत. व्हीएनसी तुम्ही ऐकलं असेल, केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी रिसर्च लॅबमधून आलेलं, ते तिकडे एक अदृश्य स्क्रीन उभी करतं आणि तिचा जो भाग बदलला त्याचं चित्र इकडे पाठवतं. सगळीकडे चालतं पण पासवर्ड जुन्या पद्धतीत पहिल्या ८ अक्षरांपलीकडे बघतच नाही, म्हणून ते उघड्यावर ठेवू नका, एसएसएचच्या बोगद्यातून न्या. दुसरं एक्सटूगो, नोमशीनच्या एनएक्सवर बांधलेलं, ते प्रश्नोत्तरांची ही ये-जाच कमी करतं, लांबच्या लायनीवर मला याचा अनुभव फार चांगला आहे, फक्त तिकडे डेस्कटॉप हलका निवडा, एक्सएफसीई किंवा माटे, नवीन ग्नोमशी त्याचं जमत नाही.

आणि तिसरं, तुमच्यासारख्याला आख्खा डेस्कटॉप नको असतो, एकच प्रोग्राम हवा असतो, त्याला मी एक्सप्रा सांगेन. तिकडची एक खिडकी तुमच्या इकडच्या खिडक्यांमध्ये येऊन बसते, आणि यातली खरी गंमत अशी की इंदूरला लाइट गेली, वायफाय बसलं तरी तिकडे प्रोग्राम चालूच राहतो, परत जोडलं की जिथे होतं तिथून पुढे. पावसाळ्यात याचं मोल कळतं. मात्र तिन्हीसाठी तिकडच्या मशीनवर काहीतरी बसवावं लागतं, म्हणून जर्मनीतल्या अ‍ॅडमिनला आधी विचारा की यातलं काय आहे, बरेचदा त्यांनी आधीच काहीतरी ठेवलेलं असतं. त्रिमितीय मॉडेल फिरवायचं असेल तर व्हर्च्युअलजीएल आहे का तेही विचारा, त्याने चित्र तिकडच्याच ग्राफिक्स कार्डावर तयार होऊन येतं.

बेटा, मी सियागंजातल्या आमच्या दुकानाचा मालक, वय ६८. हिशोबाचं सॉफ्टवेअर दुकानातल्या विंडोज ७ च्या कंप्युटरवर आहे, मुनीमजी तिथे बसतात. गुडघ्यांमुळे आता मला रोज जाणं होत नाही, घरून तोच स्क्रीन बघता येईल का? एक मुलगा म्हणतो राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.

काका, नमस्कार. त्या मुलाला तूर्त थांबवा. विंडोजमध्ये एक्स नसतं, तिथे रिमोट डेस्कटॉप असतं, त्याचं पोर्ट ३३८९, आणि ते थेट इंटरनेटला उघडून ठेवणं म्हणजे दुकानाचं शटर रात्री अर्धं वर ठेवून घरी जाणं. जगभरातून यंत्रं दिवसरात्र हेच पोर्ट शोधत असतात. त्यात तुमचं विंडोज ७, मे २०१९ मध्ये त्याच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाची एवढी मोठी खोट सापडली की पासवर्ड न देताच आत शिरता येत होतं, मायक्रोसॉफ्टने तर आधीच बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. आणि विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. म्हणून पहिला खर्च नव्या कंप्युटरचा करा, आणि घेताना विंडोजची प्रो आवृत्ती आहे ना बघून घ्या, होम आवृत्तीत बाहेरून आत येऊ देणारं रिमोट डेस्कटॉप नसतं. मग दुकान आणि घर यांच्यात व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा बंद खासगी रस्ता, करून घ्या, वायरगार्ड किंवा टेलस्केल, म्हणजे पोर्ट कुणाला दिसतच नाही.

आणखी एक, जे तुम्हाला कुणी आधी सांगणार नाही. तुम्ही घरून रिमोट डेस्कटॉपने आत गेलात की तिकडे मुनीमजींची स्क्रीन लॉक होते, एका वेळी एकच जण. त्यामुळे दोघांनी वेळ ठरवून घ्या, किंवा दोघांना एकत्रच बघायचं असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉपसारखं काही वापरा, त्यात तेही बघतात तुम्हीही बघता.

आणि काका, बँकेतून किंवा कंपनीतून बोलतोय म्हणून कुणी फोनवर स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर टाकू नका. ते याच तंत्राचं दुसरं रूप आहे, त्याला तुमचा ओटीपीसुद्धा दिसतो. चुकून झालंच तर लाजायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

ताई दोन छोटे प्रश्न. लॅपटॉपचं झाकण बंद केलं की तिकडचा प्रोग्रामही मरतो, असं का? आणि सुडो करून (म्हणजे रूटच्या हक्काने) खिडकीवाला एडिटर उघडत नाही. उबुंटूत आता एक्सच्या जागी वेलँड आलंय तर हे सगळं बंद होणार का?

तीन झाले, पण चालेल. झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपतो, कनेक्शन तुटतं, आणि स्क्रीनच गेल्यावर पाहुणाही उठून जातो. वर सांगितलेलं एक्सप्रा किंवा व्हीएनसी वापर, रात्रभर चालायची गोष्ट साध्या फॉरवर्डिंगवर सोडू नकोस. सुडोचं असं की रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, हा वेगळा माणूस आहे आणि कुकी तुझ्या फाइलमध्ये आहे, त्याच्या नाही. तिथे उगाच कुकीची नक्कल करत बसण्यापेक्षा सुडोएडिट वापर, एडिटर तुझ्याच नावाने चालतो आणि तो बंद केल्यावर बदल रूटच्या हक्काने मूळ फाइलमध्ये जातात. वेलँडमध्ये नेटवर्कवरून खिडकी पाठवायची सोय मुळात ठेवलेली नाही हे खरं, पण तुझ्या लॅपटॉपवर वेलँड असलं तरी सोबत एक्सच्या प्रोग्रामांसाठी एक्सवेलँड असतं आणि पुण्या-मुंबईची जुनी खिडकी त्यातून नेहमीसारखी उघडते. तिकडचा प्रोग्रामच नुसता वेलँडचा असेल तर वेपाइप नावाचं साधन बघ, एसएसएच लिहितोस तिथे त्याच्या आधी वेपाइप लिहायचं, दोन्हीकडे बसवलेलं मात्र हवं.